कोरेजवळग्याचा कागद

सोलापूर,
८ ऑक्टोबर २०२५

आदरणीय शिवपुत्र गुरुजी यांस,
व्यंकटचा सलाम.

नावावरून ओळख पटते का बघा. मेंढरंवाल्या हरिबाचा मुलगा. चौथी ते सातवी तुमच्या हाताखाली होतो. माझा हात बरा म्हणून नकाशाच्या तासाला तुम्ही मला फळ्यावर नद्या काढायला लावायचे. कोरेजवळगा सोडून सत्तावीस वर्षं झाली.

परवा नळदुर्गच्या ढाब्यावर मुरुमचा एक ड्रायव्हर भेटला. त्याच्याकडून गावाची हकीकत कळली. बंगालच्या उपसागरातलं वादळ विरत विरत आपल्याकडं आलं आणि गावावर रिकामं झालं, अर्धं गाव पाण्यात गेलं, असं तो म्हणाला. तुम्ही आणि काकू सुखरूप आहात हेही त्यानंच सांगितलं. तुम्हाला आता फोनवर ऐकू येत नाही म्हणाला, म्हणून पत्र लिहितोय.

मी इथं गवंडीकाम करतो. आमच्या मंडळीचा म्हणजे चर्चचा एक सेवागट आहे. पूर, आग, काही झालं की आम्ही जातो. गाळ काढतो, विहिरी उपसतो, भिंती बांधतो, पत्रे घालतो. गावाची हरकत नसेल तर कोरेजवळग्याला यायची इच्छा आहे. प्रार्थना करायची ती आमची आम्ही, तंबूत. पुस्तकं वाटणार नाही, कुणाला काही विचारणार नाही. हा माझा शब्द.

गावात दुसऱ्या कुणाला लिहावं ते सुचेना. आई गेली तेव्हा गावानं कागद करून दिला की हिला इथल्या मातीत जागा नाही. त्याआधी एकदा आई मिशनच्या दवाखान्यातून बरी होऊन आली, आम्ही घरात रविवारची प्रार्थना करायला लागलो, एवढाच गुन्हा. तिला टेम्पोत घालून आम्ही हद्दीवर आलो तेव्हा सगळं गाव दारं लावून बसलं होतं. एकटे तुम्ही आला होता. हातात पाण्याचा तांब्या होता. बाबांना पाणी पाजलंत आणि टेम्पो दिसेनासा होईपर्यंत टोपी काढून उन्हात उभे राहिलात. मी एकोणीस वर्षांचा होतो. ते मी विसरलेलो नाही.

उत्तराची वाट बघतो.

तुमचा विद्यार्थी,
व्यंकट

*

कोरेजवळगा, ता. उमरगा
१५ ऑक्टोबर २०२५

चि. व्यंकट यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र चारदा वाचलं. तुझ्या काकूला, चन्नम्मालाही वाचून दाखवलं. ती उठून चुलीकडं गेली.

अठ्ठावीस सप्टेंबरला, रविवारी सकाळी, पाणी आलं. शनिवारपासून पाऊस खळला नव्हता. नवरात्र असल्यानं बायका देवळात होत्या, म्हणून पुष्कळ जीव वाचले. दहाच्या सुमाराला नदी पुलावरून आली ती सरळ खालच्या आळीत. माळवदाची घरं तू पाहिलेलीच आहेस. माती भिजली की वरचा भार खाली येतो. एकसष्ट घरं बसली. सोयाबीनच्या गंजी डोळ्यांदेखत तरंगत गेल्या. दावणीला बांधलेली जनावरं तशीच राहिली. पाणी ओसरल्यावर जो वास सुटला तो अजून कपड्यांना आहे.

गुरुसिद्धप्पाची बायको भुवनेश्वरी गेली. गाय सोडायला गोठ्यात गेली आणि भिंत आली. तिला न्यायचं कुठं? आपली रुद्रभूमी, पुरायची जागा, नदीकाठाला, तिथं कमरेएवढं पाणी. दोन दिवस तिला शाळेत ठेवलं. ज्यांचं रान उंचावर आहे त्यांना विचारलं. जो तो म्हणायचा, आमच्या रानात नको. शेवटी गुरुसिद्धप्पानं स्वतःच्या माळाच्या बांधाला खड्डा घेतला. मुरमाड जमीन, टिकाव टणटण वाजायचा. म्हातारा स्वतः खणत होता, कुणाला हात लावू देईना.

तुम्ही या. सरपंच बालाजीशी बोललो आहे. तो म्हणतो, काम करणारे असतील तर आमची ना नाही. शाळेच्या मैदानात तंबू टाका.

त्या दिवशीचा तांब्या तुझ्या लक्षात राहिला. त्याबद्दल जास्त काही लिहीत नाही.

शुभचिंतक,
शिवपुत्र

*

सोलापूर,
२ नोव्हेंबर २०२५

आदरणीय गुरुजी,
सलाम.

दिवाळी झाल्यावर आमची माणसं येऊन पोचली, हे तुम्ही पाहिलंच आहे. मी का दिसलो नाही असं तुम्ही आमच्या सेवागटातल्या गायत्रीला विचारलंत म्हणे. खरं तेच लिहितो.

मी आलो होतो. पत्र्यांचा ट्रक मीच चालवत आणला. मुरुम मागं टाकलं, फाट्यावर वळलो, हद्दीचा दगड दिसला आणि पाय ब्रेकवरनं उठेना. शेजारी सिद्धाराम होता, आमचा दुसरा गवंडी. तो म्हणाला, "काय झालं, दादा?" मी म्हणालो, "तू ने पुढं." खाली उतरलो आणि मुरुमला चालत आलो, तिथून एसटीनं घरी. मंडळीत मी सांगत असतो की मनात काही धरून ठेवू नये. सांगणं सोपं आहे.

भुवनेश्वरीकाकूंचं वाचून वाईट वाटलं. आईच्या आजारपणात त्या मागच्या दारानं ताक पाठवायच्या. गुरुसिद्धप्पांनी त्या कागदासाठी पुढाकार घेतला होता हे मला माहीत आहे. तरी स्वतःच्या बायकोसाठी त्यांना एकट्यानं खणावं लागलं हे वाचून समाधान वाटलं नाही. वाटेल असं एके काळी वाटायचं.

बाकी कुणी कुणी त्यावर सह्या केल्या ते मला माहीत नाही, कधी विचारलंही नाही. गावातला एक माणूस चांगला होता एवढं धरून मी इतकी वर्षं काढली. आमच्याकडं रविवारी कुणीतरी उभं राहून साक्ष देतं, देवानं आपल्याला कसं सांभाळलं ते सांगतं. मी नेहमी तुमचीच गोष्ट सांगतो. बायका डोळे पुसतात.

गायत्रीला काही लागलं तर बघा. नर्सचं शिक्षण झालंय, पण फावडं माझ्यापेक्षा बरं चालवते.

तुमचा,
व्यंकट

*

कोरेजवळगा,
१४ नोव्हेंबर २०२५

चि. व्यंकट यास आशीर्वाद.

तुझ्या माणसांनी काय केलं ते तुला कळावं म्हणून सविस्तर लिहितो.

पहिले चार दिवस गावानं नुसतं बघितलं. पारावर बसून लोक म्हणायचे, "बघू, कधी पुस्तकं काढत्यात." पुस्तकं काही निघाली नाहीत. तुझा सिद्धाराम कन्नडमध्ये बोलतो हे कळल्यावर म्हाताऱ्या बायका त्याला सोडेनात. त्यांच्या घरांवर पत्रे आधी चढले, यात मला नवल वाटलं नाही. अकरा विहिरी उपसून झाल्या. शाळेच्या खोल्यांतला गाळ काढला, फळा धुतला. वीस घरांच्या भिंती उभ्या राहिल्या.

गुरुसिद्धप्पा मात्र कुणाला दारात येऊ देईना. पडक्या घरापुढं बाजेवर बसून राहायचा. गायत्री रोज सकाळी जायची आणि म्हणायची, "आजोबा, आडात उतरू का?" तो म्हणायचा, "नको." ती "बरं" म्हणून परत यायची. नवव्या दिवशी तिनं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "तू हरिबा धनगराच्या पोराकडची न्हवं?" ती म्हणाली, "व्हय, त्यांच्याकडचीच." म्हाताऱ्यानं आडाकडं बघितलं. मग म्हणाला, "आडाच्या दोन पायऱ्या निसटल्यात. जपून उतर."

त्या आडातून गाळाबरोबर भुवनेश्वरीची पितळी चरवी निघाली. गायत्रीनं ती घासून त्याच्यापुढं ठेवली. त्यानंतर तो तिला जेवल्याशिवाय सोडत नाही.

व्यंकट, एक विनंती. एकोणीस डिसेंबरला येळवस आहे, रानातल्या पूजेची अमावस्या. यंदा रानात पीक नाही, पण लोक म्हणतात की ज्यांनी घर उभं केलं त्यांना रानात जेवू घालायचंच. भज्जी, आंबिल, बाजरीचे उंडे, चन्नम्मा सगळं करणार आहे. तू ये. मी हद्दीच्या दगडापाशी येऊन थांबतो.

साक्षीत माझी गोष्ट सांगतोस असं लिहिलंस. सांगत जाऊ नकोस. मी साधा माणूस आहे.

शिवपुत्र

*

कोरेजवळगा,
२९ नोव्हेंबर २०२५

चि. व्यंकट,

घाईत लिहितो. काल तुमच्याकडून तीन गाड्या आल्या. त्यांत पुण्याचे कुणी मोठे देणगीदार होते. घोंगड्या वाटल्या. बायकांना ओळीत उभं केलं, एकेकीच्या हातात घोंगडी देऊन फोटो आणि व्हिडिओ काढले. नीट आला नाही म्हणून गुरुसिद्धप्पाच्या सुनेला तीच घोंगडी परत द्यायला लावली आणि पुन्हा घ्यायला लावली. संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर तो व्हिडिओ फिरला. वर लिहिलं होतं, "अंधारात बसलेल्या गावात पहिला प्रकाश."

पोरं चिडली आहेत. बालाजीनं काम थांबवायला सांगितलं. गायत्री रडत होती. सहा तारखेला देवळापुढं बैठक आहे.

तू शब्द दिला होतास, म्हणून तुला कळवलं.

शिवपुत्र

*

सोलापूर,
३ डिसेंबर २०२५

आदरणीय गुरुजी,
सलाम.

मान खाली घालून लिहितोय.

ते येणार हे मला आठवडाभर आधी माहीत होतं. फोटो काढतील हेही माहीत होतं. अशी माणसं फोटोशिवाय परत जात नाहीत. मी त्यांना नको म्हणू शकलो असतो. पण उरलेल्या घरांचे पत्रे त्यांच्याकडूनच यायचे होते. मी मनाशी म्हणालो, दोन-चार फोटोंनी काय होतंय, गरिबांच्या डोक्यावर छप्पर तर येईल. आणि मी स्वतः तिथं नव्हतो. असतो तर ती घोंगडी परत घेऊ दिली नसती. म्हणजे मी हद्दीवरनं मागं फिरलो त्याची शिक्षा त्या सुनेला झाली.

व्हिडिओ काढून टाकायला लावलाय. पण फिरलेला परत येत नाही.

सहा तारखेला माझ्या वतीनं गावाची माफी मागा. तुम्ही बोललात तर लोक ऐकतील. आईच्या वेळी कुणी ऐकलं नाही, आता ऐकतील.

येळवसीला यायचा प्रयत्न करतो.

व्यंकट

*

कोरेजवळगा,
७ डिसेंबर २०२५

चि. व्यंकट यास,

हे पत्र तुला शनिवारच्या आत मिळावं म्हणून मुरुमला जाऊन स्वतः टाकणार आहे. शनिवारी गायत्री सोलापूरला येईल आणि काल जे ऐकलं ते तुला सांगेल. तिच्या आधी मी सांगायला हवं. खरं तर सत्तावीस वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं.

बैठकीत बालाजी म्हणाला, "त्या लोकांना म्हणावं, सामान उचला. आमची लाज विकून आमाला पत्रे नकोत." टाळ्या पडल्या. मग मी उठलो. म्हणालो, फोटो काढणारा गाडीत बसून गेला, विहिरीत उतरणारे इथंच आहेत. एकाचा राग दुसऱ्यावर काढू नका. तुझी माफी पोचवली. बोलताना मला जोर आला होता. लोकांच्या माना हलत होत्या. मला वाटलं, एवढ्या वर्षांनी आपल्या हातून एक गोष्ट नीट होतेय.

तेव्हा गुरुसिद्धप्पा बसल्या जागेवरून म्हणाला, "मास्तर, आज त्यांच्या बाजूनं लई बोलायलाय. म्हाळसाबाई गेली तवाचा कागद कुणी लिवला? आमी अंगठे दिले, सह्या दिल्या. अक्षर तर तुमचंच की."

मला हल्ली बरंच ऐकू येत नाही. हे स्वच्छ ऐकू आलं.

गायत्री चहाची किटली घेऊन उभी होती. तिनं विचारलं, "कसला कागद, गुरुजी?" कुणीतरी मला धरून खाली बसवलं.

व्यंकट, तो कागद मी लिहिला.

तुझी आई पहाटे गेली. आठ वाजता पंचमंडळी माझ्या दारात आली. मी या गावचा नव्हतो. गुरुसिद्धप्पाच्या घरात भाड्यानं राहत होतो, मुलं लहान होती. ते म्हणाले, मास्तर, तुमचं अक्षर चांगलं, लिहून द्या. मी नाही म्हणालो नाही. त्यांनी सांगितलं होतं, "बाटलेल्यांना गावाच्या मातीत जागा न्हाय, प्रेत घेऊन निघून जावं." मी लिहिलं, "कुटुंबास नम्र विनंती करण्यात येते की अंत्यविधी गावाच्या हद्दीबाहेर करावा." मला वाटलं, मी ते सौम्य केलं. पहिल्या प्रतीत एक शब्द चुकला होता, म्हणून मी दुसरी प्रत काढली. शुद्धलेखन तपासलं. हे मला आजही आठवतं आणि सगळ्यात जास्त टोचतं ते हेच. दुसरी प्रत काढायला दहा मिनिटं लागली असतील. त्या दहा मिनिटांत मला थांबता आलं असतं.

कागद गेल्यावर चन्नम्मानं तांब्या भरून माझ्या हातात दिला. म्हणाली, "आता निदान पाणी तरी घेऊन जा." पाणी न्यायचं मला सुचलं नव्हतं. टोपी काढून उभा होतो, कारण हरिबाकडं बघायचं धाडस नव्हतं. तुला वाटलं, मान दिला.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच लिहायला पाहिजे होतं. पण गावाला तुमची मदत हवी होती, आणि मलाही कुणीतरी चांगला म्हणत होतं. गुरुसिद्धप्पा बोलला नसता तर आजही लिहिलं नसतं. हे लपवून हे पत्र पुरं होणार नाही.

काम थांबलेलं नाही. मला खाली बसवल्यावर गुरुसिद्धप्पाच म्हणाला, "पोरीनं माझ्या आडात उतरून गाळ काढलाय. काम थांबवायचं न्हाय." बालाजीनंही मान्य केलं.

तुला आशीर्वाद लिहायचा अधिकार मला राहिला आहे की नाही, ठाऊक नाही.

शिवपुत्र

*

कोरेजवळगा,
२१ डिसेंबर २०२५

चि. व्यंकट,

येळवस झाली. तुझी माणसं रानात जेवली. सिद्धारामनं आंबिलीची चार गाडगी रिचवली. कडब्याच्या कोपीभोवती रिवाजाप्रमाणं "व्हलगे व्हलगे" म्हणत फिरलेही सगळे. गायत्री माझ्याशी अदबीनं बोलली, जरुरीपुरतं.

सकाळी सातपासून मी हद्दीच्या दगडापाशी होतो. तू येणार नाहीस हे माहीत होतं, तरी कबूल केलं होतं म्हणून थांबलो. अकराला चन्नम्मा न्यायला आली.

तुमच्या सणाच्या शुभेच्छा.

शिवपुत्र

*

सोलापूर,
११ जानेवारी २०२६

गुरुजी,

तुमची दोन्ही पत्रं मिळाली. नाताळ गेला, नवं वर्ष लागलं. उत्तर लिहायला तीनदा बसलो. दर वेळी पहिलं वाक्य लिहायचो, "मी तुम्हाला क्षमा केली आहे." तेच लिहायला पाहिजे, मला शिकवलंय तेच. आणि दर वेळी कागद फाडला, कारण ते खरं नव्हतं. तुम्ही खोटं न लिहिता एक पत्र लिहिलंत, मीही तसंच लिहितो.

गुरुसिद्धप्पांवरचा राग माझा संपला होता. त्यांनी शत्रुत्व उघडपणे केलं होतं. ज्याच्यावर राग आहे त्याचं काय करायचं ते मला माहीत होतं. तुमचं काय करायचं ते कळत नाही.

बाबा मरेपर्यंत म्हणायचे, "मास्तरांनी पाणी पाजलं होतं." शेवटच्या आजारात भान नव्हतं, तरी म्हणायचे. त्यांना हे कळलं नाही हे चांगलं झालं की वाईट, याचा मी रोज विचार करतो.

आणि त्या साक्षीचं काय करू? वीस वर्षं मी ती सांगितली. माणसांनी त्यावरून धीर घेतला. एक जण दारू सोडून मंडळीत आला, म्हणाला, तुझा तो मास्तर मला रस्त्यात भेटल्यासारखा वाटला. गेल्या रविवारी पाळकसाहेबांनी मला उभं केलं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "आज माझ्याकडं सांगायला काही नाही." आणि खाली बसलो.

"नम्र विनंती." ते शब्द मला पाठ आहेत, गुरुजी. टेम्पोत आईच्या पायाशी बसून मी तो कागद वाचला होता. मला तेव्हा वाटलं होतं, बघा, शत्रू असून किती सभ्य भाषा. तुमचं अक्षर मी ओळखायला हवं होतं. डोळ्यांत पाणी होतं म्हणून ओळखलं नाही, की ओळखायचं नव्हतं, हे आता मला सांगता येत नाही.

राहिलेल्या नऊ घरांचं काम फेब्रुवारीत पुरं होईल. त्यात खंड पडणार नाही. ते तुमच्यासाठी नाही आणि माझ्यासाठीही नाही.

मी येणार नाही.

व्यंकट

*

कोरेजवळगा,
१५ फेब्रुवारी २०२६

चि. व्यंकट यास,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायची घाई केली नाही. काही करून मगच लिहायचं ठरवलं होतं.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर ग्रामसभा झाली. मी उभा राहिलो आणि तो कागद कसा लिहिला गेला ते सगळ्यांपुढं सांगितलं. नव्या पोरांना हरिबा कोण हेसुद्धा माहीत नव्हतं. एकानं विचारलं, "मग त्या बाईला नेलं कुठं?" कुणाला सांगता येईना. मलाही. मी कधी चौकशीच केली नव्हती, हे तिथं उभा असताना माझ्या ध्यानात आलं.

रुद्रभूमी पुरात खरवडून गेली, तेव्हा नवी जागा लागणारच होती. नोकरी संपल्यावर घेतलेलं माळावरचं माझं पाच गुंठे रान मी गावाला दिलं. ठरावात लिहिलं आहे की गावातल्या कुठल्याही मेलेल्या माणसाला तिथं जागा मिळेल, कुणाचा देव कुठला हे विचारलं जाणार नाही. दोघं-तिघं कुरकुरले. गुरुसिद्धप्पानं पहिला अंगठा दिला. ठराव प्रतीक्षानं लिहिला, ग्रामपंचायतीतली मुलगी आहे. मी लिहिला नाही.

यानं तुझ्या आईला काही मिळालं नाही हे मला कळतं.

परवा मी आणि चन्नम्मा सोलापूरला आलो होतो. गायत्रीनं स्मशानभूमीचा पत्ता दिला होता. तिला रागावू नकोस, मी फार मागं लागलो. तिथल्या रखवालदारानं रांग दाखवली. दोन दगड शेजारी शेजारी, म्हाळसाबाई आणि हरिबा. स्वच्छ ठेवली आहेस जागा. चन्नम्मा खाली बसली. ती म्हाळसाबाईशी कन्नडमध्ये काहीबाही बोलत राहिली, बायका ओट्यावर बसून बोलतात तशी. म्हाळसाबाईला कन्नड येत नव्हतं. मी हरिबाच्या दगडापुढं उभा राहिलो आणि त्याला म्हणालो, कागद मी लिहिला होता. मोठ्यानं म्हणालो. मला माझंच ऐकू येत नाही, त्यामुळं जरा ओरडलोच असेन. रखवालदार वळून बघायला लागला.

तिथून तुझ्या गल्लीत आलो. निळं दार, बाहेर घमेली पालथी घातलेली. आतून कुणी हसल्याचं चन्नम्मानं सांगितलं. ती म्हणाली, "वाजवा." मी हात वर केला. मग वाटलं, तू येणार नाही असं लिहिलं आहेस, आणि मी तुझ्या दारात उभा राहून तुला दार उघडायला भाग पाडणार. तुमच्या घरावर एकदा माझी मर्जी लादून झाली होती. आम्ही परत फिरलो आणि येडशीकडची गाडी सुटायच्या आत स्टँडवर आलो. येडशीला नातीकडं मुक्काम केला.

ह्याचं उत्तर आलं नाही तरी चालेल.

शिवपुत्र

*

सोलापूर,
२२ फेब्रुवारी २०२६

गुरुजी,

त्या दिवशी घरात माझी मुलगी हसत होती. मी आत जेवत होतो. दाराशी कुणीतरी थांबलंय असं बायको म्हणाली होती. मी म्हणालो, गिऱ्हाईक असेल, वाजवील.

आई-बाबांच्या दगडांपुढं दोन वेगळ्या फुलांचे गजरे दिसले. कुणाचे ते पत्र आल्यावर कळलं.

आईला तिथून हलवणार नाही. ती आता तिथलीच आहे. गावानं ठराव केला, बरं झालं. पुढच्यांना उपयोग होईल.

क्षमेचं अजून लिहिता येत नाही. येईल तेव्हा लिहीन, न आलं तर तसंही कळवीन.

पुन्हा सोलापूरला आलात तर दार वाजवा. मी उघडीन की नाही ते आत्ता सांगता येत नाही. पण वाजवा, जोरात वाजवा. तुम्हाला ऐकू येत नाही, म्हणून आतल्यालाही येत नसेल असं समजू नका.

व्यंकट